धुऱ्यावरची क्षमा

(बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती लेखक-वाचकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



 ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद म्हटलं की आपल्या विदर्भात १९३३ सालच्या नागपूरच्या संमेलनाची आठवण काढावी लागते. त्या संमेलनाच्या अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई टिळक. रीतसर शाळा न शिकलेल्या एका बाईला मराठी ख्रिस्ती लेखकांनी आपल्या अग्रभागी बसवलं, ही आपली परंपरा आहे. आजचा माझा विषय त्यांच्याच आयुष्याशी जोडलेला आहे. क्षमा आणि समेट, म्हणजे घरातला, गावातला आणि ख्रिस्ती मंडळीतला समेट, यावर मला बोलायचं आहे.

हा जिल्हा जिजाऊंचा. सिंदखेडराजाच्या जाधवांची लेक वेरूळच्या भोसल्यांच्या घरात गेली. पुढे निजामशाही दरबाराबाहेर खंडागळ्यांच्या हत्तीवरून दंगल उसळली आणि त्यात जिजाऊंचे बंधू दत्ताजी जाधव आणि शहाजीराजांचे चुलतबंधू संभाजी भोसले मारले गेले, असं बखरकार सांगतात. माहेरचा भाऊ गेला आणि सासरचा दीरही गेला. दोन घराण्यांच्या वैरात मधे उभ्या राहणाऱ्या बाईवर काय ओढवतं, हे या मातीला चारशे वर्षांपासून ठाऊक आहे.

आज हत्ती नाहीत, धुरे, म्हणजे शेतांचे बांध, आहेत. मलकापूरपासून लोणारपर्यंत, तेराही तालुक्यांत, पेरणीच्या तोंडावर कुणाच्या तरी वावराचा धुरा कोरला जातो. पांदण रस्ता अडवला जातो. सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून शब्द वाढतो. मग मोजणीचा अर्ज, तहसीलदारांकडे दावा, पोलीस ठाण्यात तक्रार. हातभर जमिनीपायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लेकीच्या लग्नाला जात नाहीत. जमीन मोजून मिळते, तोवर दोघांची मुलं एकमेकांना ओळखेनाशी झालेली असतात.

या दुखण्यावर महाराष्ट्राने इलाज केलेच नाहीत, असं नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दिवाणी, महसुली आणि तडजोड होऊ शकणारे फौजदारी तंटे गावाने गावातच सामोपचाराने मिटवावेत, ही तिची कल्पना. २०२३ साली सलोखा योजना आली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असा प्रकार किमान बारा वर्षं चालत आला असेल, तर अदलाबदलीचा दस्त एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फी भरून करता येईल, अशी सवलत तिने दिली. दोन्ही उपाय चांगले आहेत. तरी एक गोष्ट उरतेच. सरकार शुल्क कमी करू शकतं. पहिल्यांदा कोण बोलेल, हा प्रश्न सरकारला सोडवता येत नाही. कागदावर सही झाली आणि मन वळलं नाही, तर पुढच्या मृगात तोच धुरा पुन्हा कोरला जातो.

पहिल्यांदा कोण बोलेल? शुभवर्तमान या प्रश्नाला भिडतं, आणि त्याचं उत्तर फार अवघड आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू दोन वेगवेगळ्या प्रसंगी याविषयी बोलला. डोंगरावरील प्रवचनात तो सांगतो की, वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी त्याच्याकडे जावं. इथे जायचं कुणी, तर ज्याने दुखावलं त्याने. पुढे अठराव्या अध्यायात तो सांगतो की, भावाने आपला अपराध केला, तर आपणच त्याच्याकडे एकट्याने जाऊन बोलावं. इथे जायचं कुणी, तर जो दुखावला गेला त्याने. दोन्ही वचनं शेजारी ठेवून पाहा. मी अपराधी असो वा अपराध सोसलेला असो, चालत जाणं माझ्याच वाट्याला येतं. ‘त्यानं आधी यावं’ म्हणून बसून राहण्यासाठी येशूने कुणालाच जागा ठेवलेली नाही.

त्या अठराव्या अध्यायातला क्रमही पाहण्यासारखा आहे. आधी दोघांनीच बोलायचं, मग एक-दोन साक्षीदार, मग मंडळी. आपण नेमके उलटे जातो. आधी पारावर बोलतो, मग सोयऱ्यांत, मग मोबाइलवरच्या गटात, मग कोर्टात; आणि ज्याच्याशी भांडण आहे त्याच्याशी मात्र बोलतच नाही. गावातल्या अर्ध्या भांडणांचं आयुष्य या उलट्या क्रमामुळे वाढतं. तंटामुक्ती समितीच्या बैठकीतही हाच क्रम पाळला, म्हणजे चारचौघांत बोलावण्याआधी दोघांना एकांतात समोरासमोर बसवलं, तर मानापमानाचा अर्धा भार तिथेच उतरेल.

नुसतं बोलूनही भागत नाही. जक्कय हा जकातदार. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कयाने माफीचं भाषण केलं नाही. ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत करण्याचं कबूल केलं. कोरलेला धुरा मागे सारणं, अडवलेली पांदण मोकळी करणं, बहिणीचा सातबाऱ्यावरून काढलेला हिस्सा परत लावणं, हे पश्चात्तापाचे पुरावे आहेत. जमीन न देता मागितलेली माफी ही समोरच्याकडून आणखी एक दान घेण्याचाच प्रकार असतो.

आता लक्ष्मीबाईंकडे येतो. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांना विदर्भातून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने नवा करार दिला आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिकडे लक्ष्मीबाईंचं जग कोसळलं. नवरा जिवंत असून संसार मोडला, नातेवाईक एकीकडे, लहान मुलगा पदरात. सुमारे पाच वर्षं दोघांच्या वाटा वेगळ्या राहिल्या. पण पत्रं चालू राहिली, भेटी झाल्या, भांडणंही झाली. आपलं सोवळं सांभाळूनच लक्ष्मीबाई हळूहळू जवळ आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. त्या पुस्तकात क्षमेवर प्रवचन नाही. टिळकांचा संताप आहे, त्यांचा लहरीपणा आहे, घरातलं होतं-नव्हतं ते देऊन टाकण्याची त्यांची सवय आहे, आणि त्यामुळे बायकोच्या वाट्याला आलेले हालही आहेत. लक्ष्मीबाईंनी काहीच लपवलं नाही. तरी पान मिटताना वाचकाच्या मनात टिळकांविषयी राग उरत नाही, प्रेम उरतं. क्षमा करणाऱ्याने सत्य पुसायचं नसतं, ते प्रेमाने सांगायचं असतं, हे आपल्या भाषेत याहून चांगलं कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. शिवाय टिळकांनी बायकोवर धर्म लादला नाही आणि तिला वेळ दिला, हेही विसरून चालणार नाही. समेट घडायला दोघांचं चालणं लागतं.

घरातल्या या क्षमेकडून मी रक्त सांडलेल्या जागेकडे येतो. जळगाव जामोदच्या उत्तरेला सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तिथे देवास जिल्ह्यात उदयनगर भागात सिस्टर राणी मारिया भूमिहीन आदिवासींना सावकारांच्या कचाट्यातून सोडवण्याचं काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी धावत्या बसमध्ये समुंदर सिंहने त्यांना भोसकून मारलं. ज्यांचे हितसंबंध दुखावले होते, त्यांनी त्याला पुढे केलं होतं. २००२ साली राणी मारियांच्या धाकट्या भगिनी, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि त्यांनी समुंदर सिंहला राखी बांधली. पुढे कुटुंबाने त्याच्या सुटकेला पाठिंबा दिला आणि २००६ साली तो सुटला. केरळात जाऊन तो त्यांच्या आईवडिलांना भेटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं. खून आणि राखी यांच्यात सात वर्षं आहेत. क्षमा एका उपासनेत उरकत नाही. आणि त्या क्षमेने सावकारी पाश न्याय्य ठरला नाही. ज्यासाठी राणी मारिया मेल्या ते कारण तितकंच खरं राहिलं.

दुसरं नाव ग्लॅडिस स्टेन्स यांचं. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावी त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व तिमथी ही दोन लहान मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. ग्रॅहम यांनी बारीपदाला कुष्ठरोग्यांत आयुष्य घालवलं होतं. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि २००४ पर्यंत त्याच बारीपदाला राहून त्याच रुग्णांची सेवा केली. पुढच्याच वर्षी, २००५ साली, देशाने त्यांना पद्मश्री दिली. इकडे खटला आपल्या मार्गाने चालत राहिला आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची जन्मठेप कायम ठेवली. ग्लॅडिस यांच्या क्षमेने खटला थांबला नाही आणि खटल्यामुळे त्यांची क्षमा उणी झाली नाही. मनातलं वैर सोडणं आपल्या हाती आहे. शिक्षा देणं वा सोडणं न्यायव्यवस्थेच्या हाती. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, म्हणून एकीकडे सूड वाढतो आणि दुसरीकडे अन्याय झाकला जातो.

झाकण्याविषयी मला स्पष्ट बोललं पाहिजे. पेत्राने येशूला विचारलं होतं की, माझ्या भावाला मी किती वेळा क्षमा करू? हा प्रश्न त्याने स्वतःपुरता विचारला होता. दुसऱ्याने किती वेळा क्षमा करावी, असं त्याने विचारलं नव्हतं. पण आपल्याकडे येशूच्या उत्तरातला सत्तर वेळा सातचा हिशेब बहुधा दुसऱ्यालाच ऐकवला जातो. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी बाईला परत पाठवताना ऐकवला जातो. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे. तिला त्या कायद्यापर्यंत सोबत करणं हे मंडळीचं काम आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी नाकारलं गेलं, त्यांना ‘जुनं विसरा’ असं सांगताना ऐकवला जातो. आपल्या मंडळ्यांतली कित्येक कुटुंबं त्याच वंचनेतून आलेली आहेत. विसरा म्हणण्याचा अधिकार त्यांच्याखेरीज कुणालाच नाही. दुबळ्याकडून वसूल केलेली क्षमा ही खंडणी असते, आणि खंडणीला मी ख्रिस्ताचं नाव देणार नाही.

मित्रहो, आपल्या अंगणाकडेही पाहू. खामगाव, मलकापूर, बुलढाणा या गावांत अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून काम उभारलं. शाळा, वसतिगृहं, प्रार्थनामंदिरं यांचा तो वारसा आपल्याला मिळाला. ठिकठिकाणच्या मंडळ्यांत आज त्या वारशावरूनच गट पडतात, आणि वाद धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वर्षानुवर्षं चालतात. करिंथच्या मंडळीला पौलाने याच कारणासाठी खडसावलं होतं. रविवारी एकाच मेजावरचं प्रभुभोजन घ्यायचं आणि सोमवारी एकमेकांविरुद्ध शपथपत्र दाखल करायचं, या दोन गोष्टी आपल्या मनात शेजारी कशा राहतात? हिशेब उघडे ठेवले, निवडणुका वेळेवर घेतल्या, दोन्ही गटांना मान्य असे मध्यस्थ नेमले, तर यातले किती तरी वाद मिटतील. आपल्या घरचा धुरा सरळ झाला, तर गावाला सांगायचा आपल्याला अधिकार येईल.

लेखकांचं काम काय? आपल्याकडे भांडणाची कथा विपुल लिहिली जाते आणि समेट शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. मधली वर्षं कुणी लिहीत नाही. पत्र लिहून न पाठवणं, दारापर्यंत जाऊन परतणं, पहिल्या भेटीत पुन्हा भांडण होणं, आईने दोघांना एका ताटावर बसवण्याची धडपड करणं, हेच खरं साहित्याचं क्षेत्र आहे, आणि ‘स्मृतिचित्रे’चं मोठेपण तिथेच आहे. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाने आपल्याला लिहितं केलं. मागच्या पिढ्यांनी धर्मांतराची आत्मकथा लिहिली; या पिढीने समेटाची आत्मकथा लिहावी.

म्हणून या संमेलनापुढे मी तीन गोष्टी ठेवतो. पहिली, ज्या गावांत खरे समेट झाले, तिथल्या दोन्ही बाजूंच्या माणसांना भेटून, त्यांच्या संमतीने, त्या हकिकती वऱ्हाडी बोलीत लिहून काढाव्यात. दुसरी, बायकांच्या आठवणी आधी लिहाव्यात, कारण वैराची किंमत त्यांनी सर्वांत जास्त मोजली आणि त्यांचं म्हणणं बैठकीत क्वचितच विचारलं गेलं. तिसरी, प्रत्येक मंडळीने दोन-तीन विश्वासू माणसं मध्यस्थीसाठी तयार करावीत. त्यांत किमान एक स्त्री असावी, आणि त्यांनी हिंदू, बौद्ध, मुसलमान शेजाऱ्यांबरोबर गावच्या तंटामुक्ती समितीत बसावं. शांती करणाऱ्यांना येशूने धन्य म्हटलं, तेव्हा त्यांचा धर्म विचारला नव्हता.

आणि चौथी गोष्ट प्रत्येकाने एकट्याने करायची आहे. आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या आयुष्यात एक बंद दार आहे. कुणाचा भाऊ आहे, कुणाची नणंद, कुणाचा सहशिक्षक, कुणाचा शेजारचा वावरवाला. घरी पोहोचल्यावर आधी त्या दाराशी जा. आपली चूक असेल तर ती नाव घेऊन कबूल करा आणि घेतलेलं परत द्या. त्याची चूक असेल तर ती त्यालाच सांगा, गावाला नको. दार उघडलं नाही, तर पुन्हा जा. मग लिहायला बसा. तसं लिहिलेलं पान पुढच्या संमेलनात वाचलं गेलं, तर हे अध्यक्षपद सार्थकी लागलं असं मी मानेन.