स्नायूत की त्वचेखाली?



शरीरात टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन कमी पडलं, की डॉक्टर कधीकधी त्याचं इंजेक्शन सुचवतात.
पण ते टोचायचं कुठे?
स्नायूत, की त्वचेखाली?

रुळलेली पद्धत स्नायूची.
सुई लांब.
जागा कुल्ल्याची किंवा मांडीची.
औषध तेलात मिसळलेलं असतं, म्हणून ते रक्तात हळूहळू उतरतं.
पुढचं इंजेक्शन बहुधा दोन-तीन आठवड्यांनी.
सुरुवातीला हुशारी, शेवटी शेवटी मरगळ, अशी तक्रार अनेकजण करतात.

दुसरी पद्धत त्वचेखालची.
इन्सुलिन घेतात तशी, पोटावरच्या चरबीत.
सुई आखूड.
सुईला घाबरणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल!
मात्रा थोडी, पण दर आठवड्याला.
त्यामुळे हार्मोनची पातळी फारशी वरखाली होत नाही.
कधी तिथे लाली येते, छोटी गाठही येते. ती बहुधा आपोआप जिरते.
अमेरिकेत यासाठीच्या तयार पेनला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

मात्र, प्रत्येक औषध त्वचेखाली चालत नाही.
अनडेकॅनोएट हा दीर्घकाळ टिकणारा प्रकार कुल्ल्याच्या स्नायूतच देतात, तोही दवाखान्यात, सावकाश.

म्हणून सांगते.
पद्धत स्वतःहून बदलू नका.
आधी डॉक्टरांना विचारा.
आणि रक्त प्रमाणाबाहेर दाट होतंय का, ही तपासणी दोन्ही पद्धतींत करावीच लागते.