पत्रांचा निकाल



व्याख्यानमालेत इतिहास, अध्यात्म, अर्थकारण असे भारदस्त विषय चालू असताना मध्येच ई-मेलची पेटी कशी आवरावी हा विषय काहींना हलका वाटेल. तसा तो आहेही. परंतु याच सांगोल्याच्या स्थानकावरून २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे बंगालकडे निघाली, हे आपणांस आठवत असेल. ज्या तालुक्याचे डाळिंब इतके दूर जाते, त्या तालुक्याला पत्रव्यवहार हलका मानून चालत नाही. परदेशी माल धाडणाऱ्याला औषधांच्या अंशाचा तपासणी अहवाल, खरेदीदाराची मागणी, जहाजाची तारीख हे सारे ई-मेलने येते. मुलीच्या नोकरीचे बोलावणे त्याच वाटेने येते. दोन दिवसांच्या मुदतीचे पत्र जाहिरातींच्या ढिगाखाली चौथ्या दिवशी सापडले, तर झालेली हानी हलकी म्हणता येणार नाही.

रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून दुसऱ्यावर पहिले असे पत्र पाठवले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे साधन नवे. पण आलेल्या पत्राचे काय करावे हा प्रश्न नवा नाही, आणि त्याचे उत्तर आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते.

जुन्या आडतीच्या दुकानात गादीशेजारी एक तार असे. पत्र आले, वाचले, उत्तर लिहिले, की ते त्या तारेला टोचायचे. तारेला टोचलेले पत्र म्हणजे निकाल लागलेले पत्र. ते फेकलेले नसे. वर्षाने वाद निघाला तर तिथूनच काढून दाखवता येई. मात्र गादीवर ते पुन्हा दिसत नसे. गादीवर जे दिसे ते राहिलेले काम. आज आपण काय केले आहे? तार काढून टाकली आहे आणि दहा-दहा हजार पत्रे गादीवरच पसरून त्यांत बसलो आहोत.

ई-मेलमध्ये ही तार आहे. तिला अर्काईव्ह म्हणतात. कित्येकांना तिची उगाच धास्ती वाटते. अर्काईव्ह केलेले पत्र पुसले जात नाही. ते समोरच्या पेटीतून निघून ‘ऑल मेल’मध्ये राहते, शोधले की सापडते, आणि त्या पत्रावर कुणाचे नवे उत्तर आले तर आपणहून पुन्हा समोर येते. इतकी सोय लोखंडी तारेत नव्हती!

आता खरा धोका कुठे आहे तो पाहू. न वाचलेले पत्र ठळक अक्षरांत दिसते, म्हणून ते फारसे धोक्याचे नाही. धोक्याचे आहे ते वाचून तसेच सोडलेले पत्र. बसस्टँडवर उभ्या उभ्या आपण ते उघडतो, ‘घरी जाऊन उत्तर देऊ’ म्हणतो. उघडताक्षणी त्याचा ठळकपणा जातो आणि ते गर्दीत मिसळते. लिहिणारा तिकडे वाट पाहत बसतो. आपल्या मनात मात्र ते काम झाल्यासारखेच असते. म्हणून माझा आग्रह असा, की निकाल लावायला वेळ नसेल तर पत्र उघडूच नये. उघडले आणि निकाल लागला नाही, तर ते पुन्हा ‘न वाचलेले’ करून ठेवावे.

निकाल म्हणजे काय? इथे मला सरकारी कचेरीचे उदाहरण द्यायचे आहे. हसू नका. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे १९८० नंतरच्या काही वर्षांत अनिलकुमार लखीना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीचे दप्तर लावण्याची जी शिस्त घातली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. आपल्या कचेऱ्यांतील ‘सहा गठ्ठा पद्धत’ याच वळणाची आहे. कारकुनाच्या हातातील प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. पद्धत सर्वत्र पाळली जाते असे मी म्हणणार नाही. चकरा आपण सर्वांनीच मारल्या आहेत. पण तिच्यातील विचार पक्का आहे. ‘नंतर बघू’ नावाचा सातवा गठ्ठा त्यात नाही.

घरच्या पेटीला सहाही लागत नाहीत. नष्ट करायचे ते लगेच पुसावे. पुसलेले तीस दिवस कचऱ्याच्या पेटीत राहते, तेव्हा चूक झाली तरी घाबरू नये. दुकानांच्या जाहिराती रोज पुसत बसण्यापेक्षा त्याच पत्रातील ‘अनसबस्क्राइब’ एकदा दाबावे. तेही ओळखीच्या दुकानाच्या पत्रातच. ‘तुमचे खाते बंद होणार, येथे दाबा’ असल्या धमकीच्या पत्रात काहीच दाबू नये. दोन मिनिटांत उत्तर होत असेल तर तिथल्या तिथे द्यावे. डेव्हिड अ‍ॅलन या लेखकाने हा नियम २००१ च्या आपल्या पुस्तकात मांडला आणि तो मला बिनतोड वाटतो.

सर्वांत उपेक्षित गठ्ठा आहे प्रतीक्षाधीन. आपण आपले काम केले, पण समोरच्याकडून काही यायचे आहे, अशी ही पत्रे. विमा कंपनीला कागद पाठवले. तिचे उत्तर आले नाही. हे आठवणीवर सोडले की बुडाले. जीमेलमध्ये ‘स्नूझ’ म्हणून सोय आहे. पत्राला तारीख द्यावी, ते नजरेआड होते आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा दारात उभे राहते. ज्यांची पत्रे थोडी आहेत त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण केली तरी चालेल.

आता कळांविषयी थोडेसे. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये कळफलकाचे शॉर्टकट आधी चालू करावे लागतात. मग इंग्रजी ई दाबली की उघडे पत्र तारेला लागते, आर म्हणजे उत्तर, सी म्हणजे नवे पत्र, तिरकी रेघ म्हणजे शोध. ए म्हणजे सर्वांना उत्तर; ही कळ जपून वापरावी, नाहीतर घरगुती कुरबुर सगळ्या संचालक मंडळाला समजते. पाठवलेले पत्र काही क्षण मागे घेता येते. ती मुदत तीस सेकंदांपर्यंत वाढवून ठेवावी. रागीट माणसांनी तर अवश्य.

पाठवणाऱ्याचीही जबाबदारी आहे. सरकारी पत्रात ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ असतात. आपण मात्र विषयाची जागा कोरी ठेवतो, किंवा दिवाळीच्या शुभेच्छांच्या पत्रालाच उत्तर म्हणून जमिनीच्या मोजणीचा मजकूर लिहितो. एका पत्रात एकच विषय असावा. आणि जुन्या पत्रांतला ‘पत्र पावले, मजकूर समजला’ हा शिष्टाचार पुन्हा आणावा. सविस्तर उत्तराला आठवडा लागणार असेल तर ‘मिळाले, शुक्रवारी कळवतो’ एवढ्या तीन शब्दांनी समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.

राहता राहिला साचलेला ढीग. गूगलच्या खात्यात पत्रे, फोटो आणि फायली मिळून पंधरा जीबी जागा फुकट मिळते. ती भरली की नवी पत्रे येणेच थांबते. म्हणून शोधाच्या चौकटीत आकार घालून मोठी जोडपत्रे आधी काढावीत आणि नको असलेली पुसावीत. महिन्याहून जुनी बाकीची पत्रे एक-एक वाचत बसू नये. सगळी एकदम निवडून अर्काईव्ह करावीत. ज्याचे काम खरोखर अडले असेल, तो पुन्हा लिहील. उरलेल्या महिनाभराच्या पत्रांना मात्र एक पुरी संध्याकाळ द्यावी. मग रोज सकाळ-संध्याकाळ दोनदा, पूर्वी टपाल फोडत तसे, पेटीपुढे बसले की पुरते.

अध्यक्षांनी दिलेली वेळ संपत आली आहे. कुणास शंका असतील तर विचाराव्यात. ज्यांना ते शॉर्टकट चालू करायचे किंवा स्नूझ करून पाहायचे असेल, त्यांनी सभा संपल्यावर व्यासपीठाजवळ यावे, मी थांबतो.