चाकाला आधी विचारा

(स्नेहमेळाव्याच्या दिवशी शाळेच्या वर्कशॉपमध्ये केलेलं भाषण)



सकाळपासून आपण जुन्या बाकांवर पोटं आत ओढून फोटो काढतो आहोत. संयोजकांनी मला वर्कशॉपमध्ये पंधरा मिनिटं दिली आणि बजावलं, "आठवणी नकोत, कामाचं बोल." तर कामाचंच बोलतो. आपल्या तुकडीने वर्गणी काढून शाळेला दिलेला हा बेंच ग्राइंडर. हार घालून झाला, नारळ फुटला, पण बटण अजून कोणी दाबलेलं नाही. ते मीच थांबवलं आहे. उद्यापासून इथे आठवी-नववीची मुलं-मुली उभी राहणार, म्हणून आधी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

त्यातली पहिली गोष्ट आपल्या सरांचीच आहे. सर समोर बसलेत. आठवतंय? त्या खिडकीत सुतळीने दोन चाकं टांगलेली असायची. एक चांगलं, एक तडा गेलेलं. दिसायला दोन्ही सारखीच. सर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने दोन्हींवर टिचकी मारायचे. एक घंटेसारखं वाजायचं, दुसरं फुटक्या माठासारखं बद्द. सर म्हणायचे, "बाजारात आई माठ वाजवून घेते की नाही? मग चाकालाही आधी विचारा, बाबा तू अख्खा आहेस ना?" आपण हसायचो. परीक्षेत त्याला दोन मार्क होते. मला दोन्ही मिळाले होते.

सर, आज तुमच्यासमोर कबूल करतो. दोन्ही मार्क मिळवलेला हा विद्यार्थी दहा वर्षांनी नापास झाला.

माझी स्वतःची शेड होती. शनिवारची संध्याकाळ, माल रात्रीच पाठवायचा होता आणि ग्राइंडरचं चाक संपलं. रॅकखाली एक नवं चाक होतं. माझा हेल्पर म्हणाला, "शेठ, हे मागच्या आठवड्यात पडलं होतं." मी उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणालो, "दिसतंय तर अख्खं. लाव." वाजवून पाहिलं नाही. नट पक्का बसावा म्हणून पान्याला पाइप लावून आवळला. चालू केल्यावर मिनिटभर थांबायचं असतं, तेही थांबलो नाही. "घे लवकर," म्हणालो. त्याने जॉब टेकवला आणि चाक फुटलं. एक तुकडा त्याच्या भुवईवर बसला. उजवा डोळा गेला.

मशीन चांगलं होतं. चाक बनवणाऱ्याचा दोष नव्हता. दोष घाईचा, आणि घाई माझी होती. भरपाईचे पैसे मिळाले, डोळा मिळाला नाही. तो आजही माझ्याकडे आहे, स्टोअर सांभाळतो. नवं चाक आलं की लाकडी हातोडीने वाजवतो आणि मगच आत घेतो. मला तो कधी काही बोलला नाही. हातोडी मात्र त्याने माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला टांगली आहे.

आता हे असं का होतं ते पाहू. हे चाक १५० मिलिमीटर व्यासाचं आहे आणि मोटर मिनिटाला साधारण २,८५० फेरे घेते. गणित केलंत तर चाकाची कड तासाला ८० किलोमीटरच्या वेगाने धावते. हायवेवरच्या एसटीचा वेग म्हणा. फरक एवढाच, की ही एसटी आपल्या छातीपासून हातभर अंतरावर धावते आणि ती चिनी मातीच्या भांड्यासारख्या ठिसूळ मालाची बनलेली आहे.

म्हणून चाक बसवताना पहिलं काम वाजवण्याचं. चाक कोरडं हवं. ते बोटावर किंवा सुतळीवर अडकवायचं, उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तिरकं, कडेपासून इंच-दोन इंच आत, हलकी टिचकी मारायची. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. आवाज बद्द आला तर ते चाक फेकायचं, आणि फेकण्याआधी स्वतःच फोडायचं, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही.

दुसरं काम लेबल वाचण्याचं. चाकावर कमाल फेरे लिहिलेले असतात. तो आकडा मोटरच्या फेऱ्यांपेक्षा कमी असेल तर ते चाक या मशीनचं नव्हे. कारखान्यांसाठी १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या कलम ३० ने ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाच्या सुरक्षित वेगाची पाटी लावणं बंधनकारक केलं होतं. आपली शाळा काही कारखाना नाही, पण पाटी मी रंगवून आणली आहे.

तिसरं काम बसवण्याचं. चाक स्पिंडलवर सहज सरकलं पाहिजे, ठोकून बसवायचं नाही. दोन्ही बाजूंना कागदाच्या चकत्या आणि सारख्या व्यासाच्या फ्लँज हव्यात. डाव्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, हे विसरून तो उलट दिशेने आवळणारे इथे किमान तीन जण बसलेत. नट घसरणार नाही इतकाच आवळायचा. माझ्यासारखा पाइप लावायचा नाही.

चौथं काम दोन फटींचं. पुढचा टेका चाकापासून ३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. जास्त फट राहिली तर जॉब आत ओढला जातो, अडकतो आणि चाक फुटतं. वरची ठिणग्या अडवणारी पट्टी ६ मिलिमीटरच्या आत ठेवा. चाक झिजतं तशा या फटी वाढतात, म्हणून त्या पुन्हा पुन्हा जुळवायच्या, पण चाक पूर्ण थांबल्यावरच. बटण बंद केलं तरी चाक बराच वेळ फिरत राहतं.

मग बाजूला उभं राहून चालू करायचं आणि नवं चाक मिनिटभर रिकामं फिरू द्यायचं. समोर कोणी उभं राहायचं नाही. गॉगल ठिणग्यांसाठी आहे, तो लावायचाच. फुटलेल्या चाकाच्या तुकड्यांसाठी मात्र लोखंडी कव्हर आहे, ते कधीही काढायचं नाही. हातमोजे नकोत. इतर कामांत ते हात वाचवतात, इथे हात आत ओढतात. ओढणी, मोकळी वेणी, सैल बाही, मनगटातला दोरा, सगळं आधी आवरा. आमच्या वेळी या वर्गात एकही मुलगी नव्हती. आज आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता निवृत्तीनंतर ज्यांनी घरी ग्राइंडर घेतला आहे, त्यांच्यासाठी चाकाची निवड. दुकानात जाऊन "एक चांगलं चाक द्या" म्हणू नका. लेबलवर 'ए ६० के ५ व्ही' असं काहीतरी असतं. 'ए' म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ते पोलादासाठी. 'सी' म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, ते बीड आणि पितळेसाठी, आणि त्यातलं हिरवं चाक कार्बाइड टिपच्या टूलसाठी. ॲचेसन नावाच्या अमेरिकन माणसाला हे १८९१ मध्ये कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत सापडलं. हिरे बनले नाहीत, पण आपलं पोट भरलं. ६० हा दाण्याचा आकडा: आकडा मोठा तितका दाणा बारीक. खरबडीत कामाला ३६, धार लावायला ६० किंवा ८०. 'के' हे अक्षर चाकाचा कडकपणा सांगतं, म्हणजे दाणे किती घट्ट धरलेत ते. इथे सरांचं वाक्य पाठ करा: कडक कामाला मऊ चाक, मऊ कामाला कडक चाक. कडक पोलादावर दाणे लवकर बोथट होतात, ते गळून नवे वर यायला हवेत, म्हणून पकड सैल लागते. ५ म्हणजे दाण्यांची दाटी आणि 'व्ही' म्हणजे भट्टीत भाजलेलं बंधन. हायस्पीड स्टीलचे ड्रिल आणि टूल बिट यांना पांढरं चाक बरं पडतं.

पोलादाच्या चाकावर ॲल्युमिनियम घासू नका. चाकाची छिद्रं बुजतात, मग माणूस जोर लावतो आणि चाक तापतं. शिवाय ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाच्या ठिणग्या एकत्र आल्या तर आग लागू शकते. साध्या सपाट चाकाची बाजूही वापरू नका, काम कडेवरच करायचं. कड चकचकीत झाली की ड्रेसरने साफ करा. सुताराची पटाशी किंवा कोयता घासताना वारंवार पाण्यात बुडवा. निळा रंग आला की पाणी उतरलं, धार टिकणार नाही. कार्बाइडची तापलेली टिप मात्र पाण्यात घालू नका, तिला तडे जातात.

एवढंच सांगायचं होतं. आता एक विनंती. या ग्राइंडरचं दुसरं चाक मी अजून बसवलेलं नाही, ते इथे सुतळीला टांगलंय. शेजारी ती लाकडी हातोडी आहे. माझ्या स्टोअरवाल्याने सकाळी ती खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "शाळेला द्या. आपल्याकडे दुसरी करू."

सर, तुम्ही पुढे या. आधी तुम्ही चाकाला विचारा. मग आम्ही बटण दाबतो.