एका शब्दाचे कूळ

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाचा मोबाइलवर गट झाल्यापासून ‘नेटिकेट’ हा शब्द वारंवार कानांवर पडतो. नातवंडे तो आपल्याला ऐकवतात! तेव्हा त्याचे कूळ तरी पाहावे, असे मनात आले.

‘नेट’ म्हणजे संगणकांचे जाळे आणि ‘एटिकेट’ म्हणजे रीतभात. दोहोंची ही सांधेजोड. एटिकेट मूळचा फ्रेंच. त्या भाषेत आजही त्याचा अर्थ चिकटवलेली चिठ्ठी, लेबल असा होतो. पुढे दरबारी रीतीरिवाजही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले आणि अठराव्या शतकात इंग्रजांनी तो शब्द उचलला. गंमत अशी की, इंग्रजांचे ‘टिकेट’ही याच घराण्यातले. म्हणजे एस्‌टीत आपण तिकीट मागतो, तेव्हा या शब्दाच्या बहिणीलाच हाक मारतो.

१९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘यूजनेट’ची कल्पना काढली. दूरदूरची माणसे तेथे लेखी चर्चा करीत. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. थट्टेचा टोमणा होई आणि भांडण पेटे. तेथेच पुढील दशकात हा शब्द रुळला. १९९४ साली व्हर्जिनिया शे यांनी याच नावाचे पुस्तक लिहिले, आणि १९९५ च्या ऑक्टोबरात सॅली हॅम्ब्रिज यांची नियमावली निघाली. दोघीही बायकाच, याचे मला अप्रूप वाटते. पोस्टकार्डावर लिहिणार नाही ते येथे लिहू नये, साखळीपत्रे पाठवू नयेत, राग आला तर रात्र जाऊ द्यावी, हे तीतलेच नियम. इंग्रजीत सगळी अक्षरे मोठी काढली तर ओरडल्यासारखे वाटते, असेही तीत आहे. देवनागरीत ती सोय नाही. पण आपल्याला उद्गारचिन्हे पुरतात!

रात्र जाऊ देण्याचा नियम मात्र माझ्या मनातून जात नाही. गेल्या श्रावणात मंगळागौरीच्या वर्गणीवरून गटावर दोन ओळी आल्या. लिहिणारीच्या मते ती थट्टा; वाचणारीला तो हिशेबावरचा संशय वाटला. तितकेच कडक उत्तर लगेच गेले. अकरा वर्षे मंडळाचा जमाखर्च लिहिणाऱ्या आपल्या भगिनी त्याच रात्री गट सोडून गेल्या. आज त्या या सभेत नाहीत. मी नाव घेत नाही. सर्वजणींना ते ठाऊक आहे.

त्यांना आता मोबाइलवरून निरोप धाडू नये. येत्या शुक्रवारी मी त्यांच्या घरी जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दुपारी चार वाजता मंडळाच्या दाराशी यावे.