दंगल न झालेलं शहरही पाहा



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. राज्यशास्त्र वाचायला लागलो ते नोकरी लागल्यावर. १९९२-९३ च्या दंगलींच्या वेळी मी तान्हा होतो, पण त्या दिवसांबद्दल ऐकतच मोठा झालो. दंगल का होते, याचं उत्तर घरात प्रत्येकाकडे तयार असायचं. अब्बा म्हणत राजकारणी, चाचा म्हणत गरिबी.

आमच्या कामात एक सर्व्हर बंद पडला, की तसाच पण चालू असलेला दुसरा घेऊन दोघांतला फरक शोधतात. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या पुस्तकात शहरांबाबत हेच केलं. अलीगढमध्ये वारंवार दंगली, कोळिकोडमध्ये शांतता. मुस्लिमांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे साधारण सारखं. म्हणजे नुसत्या लोकसंख्येने उलगडा होत नाही. त्यांना फरक दिसला तो व्यापारी संघ, कामगार संघटना अशा हिंदू-मुस्लिमांच्या सामाईक संस्थांमध्ये.

पुरावा होता १९५० ते १९९५ मधल्या दंगलींच्या वर्तमानपत्री बातम्यांचा. तो त्यांनी स्टीव्हन विल्किन्सन यांच्यासोबत गोळा केला. पण विल्किन्सन यांनी २००४ मध्ये वेगळं उत्तर मांडलं: राज्य सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल, तर ते पोलिसांकरवी दंगल रोखतं.

आता आपल्या जवळची भिवंडी घ्या. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मोहल्ला समित्यांचं हे उदाहरण मी प्रत्येक सभेत द्यायचो. एकदा एका मुलीने विचारलं, "भाई, समित्या पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी सुरू केल्या ना? मग शांतता लोकांमुळे राहिली की पोलिसांमुळे?"

मी गप्प झालो. एकट्या भिवंडीवरून हे ठरत नाही. समित्या होत्या तरी दंगल झाली, समित्या नव्हत्या तरी शांतता राहिली, अशी शहरंही शोधावी लागतात. सिद्धांत नसेल तर बातम्यांचा नुसता ढीग उरतो; पद्धत नसेल तर ज्याला त्याला सोयीचं उदाहरण सापडतं.

हा पुस्तकी वाद नाही. आपल्याकडे सुट्टीचा एकच रविवार असतो. तो मोहल्ल्यात बैठका घेण्यात घालवायचा की सरकारला जाब विचारण्यात, हे या उत्तरावर ठरतं. म्हणून जे उत्तर आपल्याला सर्वांत आवडतं, तेच आधी तपासा.