मूर्तींचे घर आणि माणसाची खुर्ची



राजवाडा रिकामा झाला की त्यात संग्रहालय मांडावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. चंदीगडच्या संग्रहालयाची हकीकत उलट आहे. तेथे मूर्ती आधी आल्या. घर मागाहून झाले.

१९४७ साली पंजाब दुभंगला आणि पुढल्याच वर्षी लाहोरच्या संग्रहालयाचीही वाटणी झाली. शेकडा साठ हिस्सा पाकिस्तानास, चाळीस आपल्यास. वाट्यास आलेल्या गांधार मूर्ती आणि पहाडी चित्रे निर्वासितांप्रमाणेच बिऱ्हाडे बदलीत राहिली. १९६८ साली त्यांना हक्काचे घर लाभले. त्याचा आराखडा करणारे ल कॉर्ब्युझिए मात्र १९६५ सालीच निवर्तले होते.

हे घर चौकोनी, खांबांवर उचललेले आहे. उजेड छपरातून उतरतो, म्हणून भिंती चित्रांसाठी मोकळ्या राहतात. येथे डामडौल नाही. वस्तू नीट दिसावी, एवढाच हेतू.

हाच विचार त्या नगरीच्या लाकडी सामानातही दिसतो. कॉर्ब्युझिए यांचे भाऊबंद पिएर जानरे १९५१ ते १९६५ तेथे राहिले. त्यांनी व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांसाठी खुर्च्या योजिल्या. सांगाडा सागाचा, बैठक वेताची. उन्हाळ्यात विणीतून वारा खेळावा आणि गावच्या सुताराला काम जमावे, हे त्यातले शहाणपण.

पण पुढे काय झाले? वेत फाटला, खुर्च्या गच्चीवर गेल्या आणि अखेर मोडीत निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या घेतल्या, दुरुस्त केल्या आणि लिलावात त्यांना लाखांनी मोल आले. २०११ साली केंद्र सरकारने त्यांच्या विक्रीस व निर्यातीस बंदी केली. परंतु तोवर कित्येक खुर्च्या देशाबाहेर गेल्या होत्या.

तेव्हा जुनी खुर्ची काचेआड ठेवावी काय, असे कोणी विचारील. आम्हांस तसे वाटत नाही. मूर्ती पाहण्यासाठी, खुर्ची बसण्यासाठी. वेत झिजणारच, पण तो पुन्हा विणता येतो. विणणारा हात आणि विणून घेण्याची बुद्धी, या दोन गोष्टी गावात राहिल्या, तर खुर्चीस संग्रहालयाची गरज नाही. त्या गेल्या, तर संग्रहालयही तिला वाचवू शकणार नाही. ते तिला फक्त सांभाळील.

उद्या आपल्या वाचनालयातील एखादे जुने बाक मोडीत काढण्याचा ठराव पुढे आला, तर सही करण्यापूर्वी आपण एकदा सुताराला बोलवावे, एवढीच आमची विनंती आहे.