रिपोर्ट नॉर्मल आला, पण टेस्ट कोणती केली होती?

आजचं नाव जरा जड आहे. २२क्यू११.२ डिलीशन सिंड्रोम. जुनं नाव डायजॉर्ज सिंड्रोम, अँजेलो डायजॉर्ज या अमेरिकन डॉक्टरांवरून. दुर्मीळ म्हणतात, पण दर काही हजार जन्मांमागे एक बाळ, म्हणजे तितकंही दुर्मीळ नाही.

होतं काय, तर बाविसाव्या क्रोमोसोमच्या जोडीतल्या एका क्रोमोसोमचा छोटा तुकडा गायब असतो. बहुतेकांमध्ये साधारण ३० लाख अक्षरांचा. आकडा मोठा वाटतो, पण आपला अख्खा जीनोम ३०० कोटींच्या वर आहे. हजार पानांच्या पुस्तकातलं एक पान, बस. दुसरी कॉपी शाबूत असते, पण टीबीएक्स१ सारख्या जीनचं एका कॉपीवर भागत नाही. गर्भात हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, टाळू, थायमस आणि पॅराथायरॉईड ग्रंथी घडताना तो जीन लागतो. म्हणून एका बाळाच्या हृदयात दोष, दुसऱ्याला कॅल्शियम कमी होऊन झटके, तिसरं फक्त नाकात बोलतं आणि शाळेत मागे पडतं. हृदयवाले डॉक्टर वेगळे, झटक्यांचे वेगळे, स्पीच थेरपी तिसरीकडे. हे सगळं एकच आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.

मग कुणीतरी म्हणतं, क्रोमोसोम तपासून घ्या. कॅरिओटाइप होते. रिपोर्ट नॉर्मल. घरचे निश्चिंत!

इथेच घोळ आहे. कॅरिओटाइप म्हणजे मायक्रोस्कोपखाली क्रोमोसोम बघणं. त्यात साधारण ५० लाख ते १ कोटी अक्षरांपेक्षा लहान तुकडा गेलेला सहसा दिसत नाही. झूम आउट केलेल्या मॅपवर तुमची गल्ली दिसत नाही, तसं. यासाठी फिश किंवा मायक्रोअरे लागते. तेव्हा जुना ‘नॉर्मल’ रिपोर्ट असेल तर आधी त्यावर टेस्टचं नाव वाचा.

निदानाने तुकडा परत येत नाही. पण कॅल्शियम वेळोवेळी तपासता येतं, कमी असेल तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी देता येतं. थायमस कमी असेल तर प्रतिकारशक्ती कमी, म्हणून जिवंत लसी देण्याआधी डॉक्टर टी-पेशी मोजतात. हृदयाच्या ऑपरेशनला रक्त द्यायचं तर ते इरॅडिएट केलेलं मागवतात. आणि मोठेपणी साधारण चारातल्या एकाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होतो. हे आधी माहीत असेल, तर पोरगं गप्प गप्प राहायला लागलं की घरचे ‘नाटकं करतोय’ म्हणत बसत नाहीत, डॉक्टरकडे नेतात.

आता आईचं. टाळूला फट असलेलं बाळ जन्मलं की आपल्याकडे हमखास विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?’ ऐका. तुकडा तुटतो तो स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना. त्या जागी जवळजवळ सारखेच दिसणारे डीएनएचे भाग आहेत. क्रोमोसोमची अदलाबदल होताना चुकीची जोडी जुळते आणि मधला भाग गळतो. दोन सारख्या ओळी बघून मर्ज चुकावा ना, तसंच. म्हणजे हे दिवस जाण्याच्या आधीचं. आणि स्त्रीबीजातली ही अदलाबदल तर ती आई स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना होऊन गेलेली असते! मग कुठलं ग्रहण आणि कुठली सुरी?

साधारण ९० टक्के बाळांमध्ये हे नव्यानेच घडलेलं असतं. उरलेल्या १० टक्क्यांत आई किंवा बाबांमध्ये हेच डिलीशन असतं, कधी इतकं सौम्य की त्यांना पत्ताच नसतो. म्हणून टेस्ट दोघांचीही करायची, फक्त सुनेची नाही. कारण एकात सापडलं, तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात ५० टक्के शक्यता असते. पुढचा विचार करायच्या आधी जेनेटिक कौन्सेलरकडे जा, आणि जाताना सगळे जुने रिपोर्ट सोबत घ्या, तो कॅरिओटाइपचाही.